सहा नंबरचं चित्र

आमच्या अंबरनाथच्या सोसायटीत वास्तुतज्ज्ञ आले होते, तेव्हा त्यांना ‘आपण हे कुठल्या कॉलेजात शिकलात?’ असं विचारणारा मी एकटाच होतो. हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून तुम्ही मला कुठल्या रांगेत बसवाल ते मला माहीत आहे. त्या रांगेवर मी आजवर हसत आलोय.

एक्केचाळिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून मी भाषाविज्ञानात एम.ए. करायला घेतलं. शेवटी प्रबंध. बदलापूर ते उल्हासनगर या पट्ट्यातली माणसं एकच गोष्ट कशी सांगतात, हा विषय. पद्धत सोपी – शब्द नसलेली चित्रं हातात द्यायची, माणसाने गोष्ट सांगायची, आपण रेकॉर्ड करायची.

चित्रं माझ्या बायकोने, मेधाने काढली. ती शाळेत चित्रकला शिकवते. आठ कार्डं. एक बकरी दावं तोडते, वाळत घातलेलं धोतर खाते, मालक मागे धावतो... वगैरे. सहाव्या कार्डावर मालकही नाही, बकरीही नाही. विहीर, जांभळीचं झाड, तुटलेलं दावं. बस.

आमचे मार्गदर्शक सर ‘डेटा म्हणजे देव’ हे वाक्य डोळे मिटून म्हणायचे. त्यांचे नियम दोन. एक, समोरचा सांगत असताना आपण कार्डात डोकवायचं नाही, तोंड उघडायचं नाही. दोन, बाहेर पडण्याआधी ती गोष्ट स्वतः सांगून रेकॉर्ड करायची, म्हणजे आपण काय गृहीत धरलंय ते कळतं. मी ते आमच्या स्वयंपाकघरात बसून उरकलं. परत काही ऐकलं नाही. स्वतःचा आवाज कोणाला आवडतो?

पहिले कुळगावचे दामूकाका, भातशेतीवाले. सहावं कार्ड हातात घेऊन म्हणाले, “न् ही बाय कुपाटीजवल उबी हाय. पाठमोरी.”

कुंपणाजवळ बाई? मला वाटलं, म्हाताऱ्याचा चष्मा.

आठवड्याने पालेगावच्या सुनंदाताई. शेतावर टॉवर झाल्यापासून सातव्या मजल्यावर राहतात. त्या म्हणाल्या, “झाडाखाली बाई आहे. वळून बघतेय वाटतं.”

आता मला संशय आला. दामूकाकांचे यांच्याशी नातेसंबंध आहेत का, कोणी फोन केला का, सगळं विचारून घेतलं. सुनंदाताई चिडल्या. “अहो, मला कुळगावात ओळखतं कोण?”

तिसरा उल्हासनगरचा राजेश, कापडाच्या दुकानात सेल्समन. सहाव्या कार्डावर तो थांबला. “सर, ही लेडीज विहिरीवर हात टेकून... आपल्यालाच बघते ना? ये देखो ना, सीधा इधर.” मी नियम मोडून कार्ड ओढून घेतलं. विहीर, झाड, दावं.

घरी मेधाला विचारलं, “तू काही काढून खोडलंयस का?”

“बाई काढायची असती तर नीट काढली असती. खोडली नसती,” ती म्हणाली. चित्रकाराचा अपमान झाला होता.

लिहिलेलं सरांकडे गेलं आणि त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तीन अनोळखी माणसं नसलेली बाई बघतात? एक तर हे तुम्ही घरी बसून लिहिलंत, नाहीतर त्यांच्या तोंडात घातलंत. दोन्हीपैकी काहीही असलं, तरी मी सही करणार नाही.”

सही नाही म्हणजे पदवी नाही. दोन वर्षांचे रविवार पाण्यात. मी म्हणालो, “सर, माझं स्वतःचं रेकॉर्डिंग आहे, सगळ्यांच्या आधीचं. ऐका. त्यात बाई निघाली तर तुम्ही म्हणाल ते कबूल.” मोठ्या तोऱ्यात लावलं.

मागे आमच्या कुकरची शिट्टी. मग माझा आवाज – “सहा नंबर. विहीर, जांभळीचं झाड, तुटलेलं दावं... लांब बांधावर एक बाई आहे. इकडेच येतेय.” आणि तसाच शांतपणे पुढे सातवं चित्र.

“म्हणजे सुरुवात तुमच्यापासूनच,” सर म्हणाले. मला ते वाक्य बोलल्याचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

सरांनी पुरावा म्हणून सहावं कार्ड मागून घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टेबलावर उलटं ठेवलं आणि रुमालाला हात पुसले.

“हे काढून टाका. सात चित्रांवर नवीन माणसं घ्या. सही करतो.”

“काय झालं सर?”

“चित्र फार... जवळचं झालंय.” देव वगैरे काही म्हणाले नाहीत.

सात चित्रांवर, नव्या माणसांकडून सगळं पुन्हा केलं. सहा महिने उशिरा का होईना, पदवी मिळाली. त्या वाक्याबद्दल मेधाला विचारलं, तर ती म्हणाली, “तू बोललास की. मी कांदा चिरत होते. मला वाटलं, पदरचं घालतोयस.”

आता माझ्या संशयाच्या यादीत फक्त मीच उरलोय. स्मृती फसवते, सूचना नकळत पोचते, हे सगळं मी वाचलंय. पण त्या तिघांपर्यंत मी ती कशी पोचवली, आणि दरवेळी ती बाई आणखी जवळ कशी आली, याचं उत्तर मिळालेलं नाही.

कार्ड कपाटात पाकिटात आहे. झाड छान जमलंय म्हणून मेधा टाकू देत नाही. मला भीती वगैरे वाटत नाही. फक्त सरांनी काय बघितलं ते सांगितलं नाही, आणि त्यांच्यानंतर ते कार्ड बघायची पाळी माझी यावी, असं वाटत नाही.