खिशातले फ्यूज

माझा स्वभाव तापट. पंचवीस वर्षं खव्याच्या भट्टीपुढं उभी राहिलेली बाई थंड डोक्याची कशी राहील, असं मी हसत हसत सांगते. पण त्या दिवशीचं खापर भट्टीवर फोडून चालणार नाही. ते माझ्याच डोक्यावर आहे.

येरमाळ्यात हायवेच्या कडेला माझं खव्याचं दुकान. मागं भट्ट्या, पुढं दोन फ्रीजर, बाजूला एक जुना जनरेटर. चैत्रात येडेश्वरीची यात्रा आली की पेढेवाल्यांच्या ऑर्डरी आधीच येतात आणि मी आठवडाभर खवा साठवत जाते. तेच उन्हाचे दिवस. फ्रीजर सारखे उघडझाप होणार, त्यात वीज गेली की गारवा टिकत नाही आणि खव्याला आंबूस वास मारायला लागतो. एकदा का वास लागला, की पेढेवाला पुढच्या वर्षी तुमच्या दारात उभा राहत नाही.

वीज बंद करायची तर दुकानदारांना आधी कळवावं, असा नियम आहे म्हणतात. पण तार लोंबायला लागली, खांब कलला, तर कुणाला कळवत बसणार? तेव्हा आमच्या वायरमन मामांनी स्वतःचा एक नियम काढला होता. जनरेटर असलेली दुकानं आमची पाच-सहाच. लाइन तातडीनं बंद करायची झाली की मामा मोटारसायकलवर प्रत्येकाकडं यायचे, बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज, ज्याला आम्ही सगळे किटकॅट म्हणतो, तो उपसायचे आणि खिशात टाकायचे. "आता खुशाल जनरेटर लावा," म्हणायचे, "माझा जीव माझ्या खिशात हाय." काम उरकलं की स्वतः येऊन परत बसवून जायचे.

कारण साधं आहे. जनरेटरची वीज बोर्डातून उलटी बाहेर गेली, तर बंद केलेल्या तारेतही करंट येतो आणि वर चढलेल्या माणसाचं काही खरं नाही. ती जाऊ नये म्हणून चेंजओव्हरचा खटका लावतात. माझा जळाला होता. मामांनी दोनदा सांगितलं. यात्रा झाली की बसवते, म्हणाले मी. दोन्ही वेळा तेच म्हणाले. आणि गल्ल्यात एक जादा किटकॅट ठेवला होता, तो मामांना माहीत नव्हता. मामा कुठं चहाला बसले की फ्यूज परत यायला उशीर व्हायचा, आणि वाट बघणं माझ्या रक्तात नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी मामा घाईनं आले. देवळाच्या रस्त्यावर एका खांबावरची तार सुटून मांडवाला टेकत होती. फ्यूज खिशात घालत म्हणाले, "पंधरा मिनिटं द्या ताई, लई झालं."

एवढ्याशा वेळासाठी डिझेल कशाला जाळायचं, म्हणून मी जनरेटर लावला नाही. पण पंधरा मिनिटांचा पाऊण तास झाला. फ्रीजरचं झाकण उचललं तर आतली हवा कोमट. तेवढ्यात समोरच्या रसवंतीचं यंत्र घरघरायला लागलं. मला वाटलं, आली वीज आणि हे मामा बसले असतील कुठंतरी गप्पा छाटत. माझं डोकंच फिरलं. गल्ल्यातला किटकॅट काढला आणि बोर्डात बसवला. दिवा लागला नाही. रसवंती स्वतःच्या इंजिनवर चालली होती, हे मला नंतर कळलं. तशीच तणतणत मागं गेले आणि जनरेटर सुरू केला. किटकॅट बोर्डातच राहिला.

जनरेटर चढाला लागलेल्या भरल्या ट्रॅक्टरसारखा गुरगुरला आणि बंद पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. धावत जाऊन किटकॅट उपसला, तोवर देवळाकडून ओरडा ऐकू आला होता.

मामा वाचले. खाली मांडवाचं कापड होतं म्हणून वाचले. उजव्या हाताची बोटं मात्र पुन्हा नीट वळली नाहीत.

चौकशीला वीज कंपनीचे साहेब आले. माझ्याही दुकानात आले. बोर्ड बघितला, रिकामा. तुमचा फ्यूज कुठं होता, म्हणून विचारलं. "मामांच्या खिशात," मी म्हणाले. खरंच होतं ते. सगळ्यांचे फ्यूज त्यांच्या खिशात सापडले, त्यामुळं आम्ही सगळे दुकानदार सुटलो. उलटा करंट कुठून आला, ते कुणालाच उमगलं नाही. पण चढण्याआधी तारांवर साखळी टाकून त्या जमिनीला जोडायच्या असतात, म्हणजे करंट कुठूनही आला तरी जमिनीत जातो. गर्दीत, घाईत मामांनी ती टाकली नव्हती. आमच्या फ्यूजवर भरवसा ठेवला होता त्यांनी. कागदावर निष्काळजीपणा मामांचा लागला. त्यांना खांबावरून काढलं आणि सबस्टेशनात वहीपाशी बसवलं.

तीन वर्षं ते तिथं बसले. मी तीन वर्षं गप्प बसले. इतरांवर तोंड टाकणारी मी, तेवढ्या एका गोष्टीला मला तोंड नव्हतं. आधी यात्रा होती, मग मुलीचं लग्न होतं, मग वाटलं आता उकरून कुणाचं भलं होणार. मला माझी लाज वाटते, ती तेव्हाही वाटत होती, आणि तरी मी रोज शटर उघडत होते.

मामा रिटायर झाले त्या दिवशी सकाळी सबस्टेशनच्या आवारात मंडप घातला होता. पेढे माझ्याकडूनच गेले. शाल-नारळ झाल्यावर मामा बोलायला उठले. नव्या पोरांकडं बघून म्हणाले, "तीस वर्षं खांबावर काढली, पण एका दिवशी गाफील राहिलो. माझी चूक हाय, मी मान्य करतो. माझ्यावानी करू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप हलले.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मामा ओसरीवर एकटेच होते. बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, जादा किटकॅटपासून चौकशीपर्यंत. वाटलं होतं, शिव्या देतील. मला शिव्या हव्याच होत्या.

मामांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. म्हणाले, "म्या रोज आठवून बघायचो, खिशात तर सगळ्यांचे फ्यूज होते, मग आणखी कुणाकडं जनरेटर हाय जिथं जायचं राहिलं. म्हातारपणानं इसरलो असंल, असंच वाटायचं."

मी म्हणाले, "उद्याच साहेबांकडं चला. मी लिहून देते."

"उद्या नगं," मामा म्हणाले. "आज सकाळी सांगायचं होतं, ताई. नातवंडं पहिल्या रांगेत बसली होती."