मधूनं न मानलेली साक्ष

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी अंबाडी निवडत बसले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मग पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी म्हटलं, "बरं, येते." बघा, सख्खा भाऊ गेला आणि तोंडातून निघालं काय, तर 'बरं'. फोन ठेवला आणि उरलेली अंबाडी पूर्ण निवडली, देठ वेगळे, पानं वेगळी. सुनेनं विचारलं, "आई, कोणाचा फोन होता?" तेव्हा कुठे मला रडू आलं. पण ते नुसतं भाऊ गेल्याचं रडू नव्हतं. चारच दिवसांआधी मी त्याला एक गोष्ट सांगून आले होते, पन्नासेक वर्षं पोटात ठेवलेली, आणि त्यानं ती मानली नव्हती. मला वाटलं होतं, पुन्हा जाऊ, पुन्हा नीट सांगू… आता त्याला सव्वा महिना झाला. मी थकले आहे, पण बोलल्याशिवाय सुटका नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मधुकर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी त्याला मधू म्हणायची, तो मला बाई. पोलिसात शिपाई म्हणून लागला आणि एएसआय होऊन निवृत्त झाला, पण मधली पुष्कळ वर्षं तो हवालदार होता, आणि हवालदाराला आमच्या भागात दीवानजी म्हणतात, म्हणून पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत लोक त्याला शेवटपर्यंत दीवानजीच म्हणत राहिले. अंगानं किडकिडीत, मिशी बेताची, आणि लाठी त्याच्या हातात छत्रीसारखी दिसायची. मोहगावच्या ठाण्यात असतानाची एक गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. दोन भाऊ धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, संत्र्याच्या झाडासाठी डोकी फोडून आले होते. हा म्हणाला, "रिपोट लिहतो, पण आधी सांगा, झाड लावलं कोणी?" "बापानं." "मंग बापाले बोलवा गवाहीले." "बाप त मेला ना, दीवानजी!" "मंग गवाह नाही. जा घरी." दोघं भाऊ म्हणे वैतागून त्यालाच शिव्या देत एकाच सायकलवर डबलसीट घरी गेले. हे सांगताना मधू इतका हसायचा की ठसका लागायचा.

आता गोटमारीचं सांगते. आमचं माहेर पांढुर्ण्याचं आणि मला दिली सावरगावला, मध्ये फक्त जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी ते तोडून न्यायचं आणि सावरगावच्यांनी नेऊ द्यायचं नाही, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून गोटे चालतात. खरेखुरे गोटे, दगड. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग विचारतो, "आणि तुम्ही थांबवत नाही?" काय उत्तर द्यायचं? चंडी मायचं आहे, चालत आलं आहे. ज्याला लागलं तो हळद लावतो, टाके घालतो, आणि कोणावर रिपोर्ट देत नाही. पण ज्या बाईचं माहेर एका काठाला आणि सासर दुसऱ्या काठाला, तिनं त्या दिवशी कोणाकडून पाहायचं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतरचा माझा पहिलाच पोळा होता तो. आमचं घर नदीला लागून. मी माडीच्या खिडकीत उभी होते, डोक्यावर पदर, हातावर लग्नातलं गोंदण अजून हिरवंगार. आमचे हे खाली काठावर पुढे होते, त्यांच्या मागे दहा-बारा पावलांवर माझा दीर नामदेव. आणि समोरून, पांढुर्ण्याच्या बाजूनं, पाण्यात उतरलेला मधू. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याच्या हाताची त्या काठावर ख्याती होती, म्हणेल ते फळ पाडायचा. दुपार कलली होती. यांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं. नवी बायको पाहून राहिली की नाही, एवढंच पाहायचं होतं त्यांना, दुसरं काय? आणि तेवढ्यात नामदेवनं मागून भिरकावलेला गोटा, जो त्यांच्या डोक्यावरून नदीत जायचा होता, तो खालून गेला आणि यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. मी पाहिलं. नामदेवनं पाहिलं. त्याचा हात तसाच पुढे राहिला होता आणि त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग आरडाओरडा झाला, "पांढुर्ण्याचा गोटा! पांढुर्ण्याचा गोटा लागला!" गोटा समोरूनच येतो, असंच सगळे धरून चालतात.

डोळा गेला. त्याच दिवशी संध्याकाळी मधू आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. कपडे ओलेच. सासूबाई आत छाती बडवून राहिल्या होत्या. तो मला म्हणाला, "बाई, मी त्याच अंगाले मारून राहिलो होतो. भाऊजी दिसले नाही मले… मायाच गोटा असन तो." दाराच्या फळीमागे नामदेव उभा होता. त्याची सावली मला दिसत होती. मी एक शब्द बोलले असते, 'नाही रे', एवढाच, तर पुढचा प्रश्न आला असता, 'मग कोणाचा?' एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ, सासू हृदयाची कच्ची, आणि मी चार महिन्यांची सून. मी गप्प राहिले. मधूनं त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला, आणि तोच घेऊन तो पूल ओलांडून गेला.

दुसऱ्या वर्षी तो पोलिसात भरती झाला. पुन्हा त्यानं गोटा हातात धरला नाही, पण गोटमार सोडली नाही. ठाण्यातले बाकीचे लोक त्या बंदोबस्तातून सुटायला मेडिकल लावायचे, कोणाची सासू आजारी पडायची, कोणाच्या पोटात दुखायचं. आणि हा सौंसरला असो की मोहगावला, दर साली अर्ज करून ती ड्युटी मागून घ्यायचा. एका साहेबानं विचारलंही म्हणे, "दीवानजी, दिमाग ठीक है?" हा म्हणाला, "साब, मेरा गाँव है." मग दिवसभर नदीकाठी उभा, दोन्हीकडून येणाऱ्या गोट्यांच्या मध्ये. एकदा डोकं फुटलं, एकदा खांदा निखळला. कोणीतरी पडला की हा धावलाच, सावरगावचा की पांढुर्ण्याचा हे पाहत नसे, उचलून काठावर आणायचा. लोक म्हणत, काय हिंमत आहे दीवानजींची! मी ऐकायची आणि भाकरी थापत राहायची.

ड्युटी सुटली की तो आमच्याकडे यायचा, न चुकता. बूट चिखलानं भरलेले, म्हणून अंगणातच उभा. "भाऊजी, बरे ना?" आमचे हे मिश्कील होते, म्हणायचे, "एक डोळा बरा आहे, दुसऱ्याची खबर नाही बापा! तुम्ही पोलीस लोक, तुम्हीच तपास करा." घरातले सगळे हसायचे. मधू हसायचा नाही. पहिल्या पगारात त्यानं यांच्यासाठी काळा चष्मा आणला होता. डोळ्याच्या खाचेत दुखायला लागलं की सुट्टी काढून यांना रेल्वेनं नागपूरला घेऊन जायचा, तिथं रांगेत तासन्‌तास उभा राहायचा. आणि हे खाटेवर बसले असले तर तो कधी समोर बसला नाही. हे म्हणायचे, "अहो बसा ना, साळेबुवा, मी काय कलेक्टर आहो?" तरी नाही.

नामदेवचंही सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. तोही पुन्हा नदीवर गेला नाही. आयुष्यभर त्यानं यांचं शेत ओढलं, कापूस असो की संत्रा, आधी भावाचा मग आपला. वाटणीचं नाव काढलं नाही. माझ्याशी तो मोजकं बोलायचा, "वैनी, पाणी द्या", "वैनी, बैल आणतो". आमच्या दोघांत ती एकच गोष्ट होती आणि तिच्यावरून आम्ही रोज पाय टाकून जायचो. आधी मी घर फुटेल म्हणून गप्प होते. मग लेकरं झाली, त्यांच्यासाठी. मग हे गेले, मग नामदेवही गेला. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? पण तोवर नुसता उशीर झाला होता, आणि उशिरालाही लाज असते. यांना काय माहीत होतं, काय नव्हतं, ते त्यांच्यासोबत गेलं.

यंदा मधूचा दम वाढला. डॉक्टरांनी घरी नेऊन ठेवा म्हटलं. मी ऑटो करून गेले. तो उशांना टेकून बसला होता, त्याची बायको शोभा आत स्वयंपाकात होती. मी बसले आणि म्हटलं, "मधू, तो गोटा तुया नव्हता."

"कोणता?"

"कोणता म्हणून काय विचारतं! नामदेवचा होता. मागून आला. मी आपल्या डोळ्यानं पाह्यला."

तो माझ्याकडे पाहून हसला, खोकला, पुन्हा हसला. "वा वं बाई! आरोपी मेला, फिर्यादी मेला, अन् तू आता साक्ष देऊन राहिली?"

"खरं सांगून राहिली मी. चंडी मायची शपथ."

"शपथ नको खाऊ. मी जाऊन राहिलो म्हणून तू मले हलकं करून राहिली. समजते मले. नोकरीत लय पाह्यले असे, मरणाऱ्यापाशी माणूस गोडच बोलते." मग श्वास जुळवून म्हणाला, "अन् खरं असतं, त पन्नास वर्ष काहून नाही बोलली?"

घर, सासू, नामदेव, लेकरं, यातलं आधी काय सांगू ते सुचेना. तेवढ्यात तो म्हणाला, "पाह्य, केवढा वेळ लागला उत्तराले." रागानं नाही हो. ज्या मायेनं थकलेला पोलीस खोट्या साक्षीदाराला घरी पाठवतो ना, त्या मायेनं. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "राहू दे, बाई. संत्रं खाय." आणि मी संत्रं खाल्लं. खरं सांगते, मी तिथं बसून अख्खं संत्रं खाल्लं आणि घरी आले.

हे छापायला देण्याआधी मी नामदेवच्या दोन्ही मुलांना बोलावून समोर बसवून सगळं सांगितलं. नाही म्हणाले असते तर कागद फाडले असते. धाकटा उठून बाहेर गेला. मोठा म्हणाला, "काकू, आम्ही लहानपणी गोटमार पाह्याले जायचं म्हटलं की बाबा मारायचे. कधी हात न उचलणारा माणूस. काहून, ते आज समजलं. लिहा तुम्ही."

शोभाला मात्र मी तेराव्यालाच सांगितलं होतं, मधूच्याच खोलीत. ती औषधांच्या बाटल्या पिशवीत भरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी तशीच धरून म्हणाली, "बाई, हे तुम्ही आधी मले काहून नाही सांगितलं? तुमचं नसतं मानलं त्यांनी, पण मायं मानलं असतं." ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिचाच निरोप आला, या म्हणून. आता मी दर बुधवारी जाते. ती मला मधूच्या खाटेवर बसवते, आपण खाली भिंतीला टेकून बसते आणि म्हणते, "सांगा. सुरुवातीपासून." मी सांगते. पोलिसाच्या घरात जन्म गेला तिचा, मध्येच टोकते, "मागच्या खेपेला तुम्ही नामदेवभाऊ दहा पावलांवर म्हटले होते, आज वीस म्हणता." मी चूक सुधारते आणि पुढे जाते. कंटाळा येतो, अंग दुखतं, तरी मी नाही म्हणत नाही. खोलीत त्याच्या तंबाखूचा वास अजून आहे.

परवाच्या बुधवारी तिनं नवंच विचारलं. "भाऊजींले लागलं तेव्हा आमचे हे कुठं होते?"

"पाण्यात. गुडघाभर पाण्यात."

"अन् हातात?"

इतक्या वर्षांत त्या क्षणी मी यांच्याकडे पाहिलं होतं, नामदेवकडे पाहिलं होतं. मधूकडे पाहिलं होतं की नाही, हे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. शोभा म्हणाली, "मले बरं वाटावं म्हणून नका सांगू. नसन आठवत त नाही म्हणा."

"गोटा होता," मी म्हटलं. "हात वर होता त्याचा. गोटा हातातच होता, शोभा. सुटला नव्हता."

"हे सांगितलं होतं त्यांले?"

"नाही. हे मले आत्ता आठवलं."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग शोभा म्हणाली, "चहा ठेवते," पण उठली नाही.