अर्ध्या खांबावरची दोन नावं

मेलेल्या माणसांची नावं दगडावर कोरणं हा माझा रोजचा धंदा. बीडमध्ये छोटं दुकान आहे — घरांच्या नेमप्लेट, देवळांच्या पाट्या, समाधीचे दगड. एवढ्या वर्षांत कितीतरी मयतांची नावं एकट्यानं दुकानात बसून कोरली. कधी कुणी पाठीमागं येऊन उभं राहिलं नाही, की स्वप्नात आलं नाही. त्यामुळं असले अनुभव सांगणाऱ्यांची मी मनातल्या मनात टरच उडवायचो. आज मीच लिहायला बसलोय... आणि भीती वाटली म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

आमचं मूळ गाव पाटोद्याहून बारा-तेरा किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगराला टेकून. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. गावामागच्या कड्यात एक लेणं आहे. वेरूळसारखं काही डोळ्यांपुढं आणू नका — काळ्या खडकात खोदलेली एक बुटकी खोली, आत पिंड, पुढं ओसरीला दोन जाड खांब. डाव्या हाताला तिसरा खांब काढायला घेतला होता, तो अर्धाच राहिला. पाठीकडून अजून डोंगरालाच चिकटलेला आहे. कुणी खोदलं, का सोडून दिलं, कुणालाच माहीत नाही. महाशिवरात्रीला तिथं जत्रा भरते. एरवी मेंढरं सावलीला बसतात.

मी नववीत होतो. वर्गात सिंधू होती — मेंढपाळाची मुलगी, वस्तीवरून चालत हायस्कूलला येणारी. लई हुशार. एकदा गणिताच्या सरांनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, दगडच फोडायचेत तर शाळेत कशाला येतोस, त्या सिंधूची वही बघ जरा. आम्ही पाथरवट. बाप पाटे-वरवंटे घडवायचा. वर्ग हसला. सिंधू हसली नव्हती, हे मला तेव्हाही दिसलं होतं. तरी राग धरला तो तिच्यावरच.

जत्रेच्या आधीच्या आठवड्यात तीन दुपारी मी बापाची बारीक टाकी — म्हणजे दगड कोरायची छिन्नी — घेऊन लेण्यात गेलो आणि त्या अर्ध्या खांबावर तिचं नाव कोरलं. शेजारी मधूचं. मधू आमच्या वर्गातला सगळ्यात गरीब स्वभावाचा पोरगा. त्याचंच नाव का घेतलं? दोनच अक्षरं, कोरायला सोपं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. पाथरवटाच्या पोराचा हात कुणी ओळखू नये म्हणून अक्षरं मुद्दाम वाकडी काढली, पण खोल काढली. नख आत जाईल एवढी.

जत्रेत ते सगळ्या पंचक्रोशीनं वाचलं. सिंधूच्या भावांनी मधूला लेण्यामागं नेऊन काठ्यांनी मारलं. तो शेवटपर्यंत ‘मी नाही, मी नाही’ म्हणत होता. मी गर्दीत उभा होतो. त्याचा एक कान कायमचा गेला आणि उन्हाळ्यात त्याचं घर गाव सोडून पुण्याला गेलं. सिंधूची शाळा दुसऱ्याच दिवशी सुटली. पावसाच्या आत तिचं लग्न लावून शिरूर कासारकडं दिलं, आणि दसरा झाल्यावर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली सुद्धा.

जत्रेच्या दिवशी माझा बाप त्या खांबापुढं बराच वेळ उभा होता. घरी आल्यावर त्यानं माझ्या दप्तरातून ती टाकी काढून घेतली.  मरेपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही.

पस्तीस वर्षं मी त्या लेण्याकडं फिरकलो नाही. मग मागच्या उन्हाळ्यात गावानं तिथं देणगीदारांच्या नावाची पाटी बसवायचं ठरवलं आणि काम मला दिलं. नाही म्हणायला कारण सापडेना. टेप घेऊन मापं काढायला गेलो, आणि ओसरीत पाऊल टाकल्या टाकल्या डावीकडं बघितलं.

खांबावर काहीच नव्हतं.

हात फिरवला, नखानं चाचपलं. मूळच्या कारागिरांच्या टाकीचे तिरके घाव एका ओळीत, कुठंही न तुटता गेलेले. दगडातलं मला कळतं. कोरलेलं अक्षर घालवायचं तर सगळा पृष्ठभाग तासून खाली घ्यावा लागतो, तिथं खोलगट राहतं. भरून काढलं तर रंग वेगळा दिसतो. दोन्ही नव्हतं. पस्तीस वर्षांत हा खडक झिजतही नाही. विचित्र वाटायला हवं होतं... पण मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ओझं उतरल्यासारखं लई बरं वाटलं. पाटीची जागा दाखवायला चार फोटो काढले आणि घरी आलो.

संध्याकाळी चहा पिताना बायकोला, सुनंदाला, फोटो दाखवत होतो. ती त्या लेण्यात कधी गेलेली नव्हती. एका फोटोवर थांबली, झूम केला आणि साध्या आवाजात म्हणाली,

“आवं, ही सिंधू कोन? आन् मधू?”

मी मोबाइल हिसकावूनच घेतला. मला नुसता काळा दगड दिसत होता. तिनं बोटानं एकेक अक्षर दाखवलं आणि म्हणाली, कुण्या अडाण्यानं कोरलंय, किती वाकडं हाय बगा.

त्या दिवशी पहिल्यांदा मी हे तोंडातून बाहेर काढलं. सगळं ऐकून सुनंदा जेवली नाही. सकाळी एवढंच म्हणाली की मला सांगून काय उपेग, जिला सांगायचं तिला जाऊन सांगा.

तरी दोन महिने गेले. शेवटी ऐन पावसाळ्यात, तोडीवाले गावात असतात तेव्हा, शिरूर कासारच्या पुढं सिंधूची वस्ती शोधत गेलो. पत्र्याच्या घरापुढं ती मटकी निवडत बसली होती. केस पांढरे झालेले, उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली. मी नाव सांगितल्यावर ओळखलं — अंकुश का तू, पाथरवटाचा? — आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.

ते पाणी तसंच राहिलं. मी बोलत होतो तोवर तिचे हात सुपात थांबलेले होते.

“मला वाटलं मधूनंच केलं,” ती म्हणाली. “जलमभर त्याला शिव्या दिल्या मी. परवाच्या साली तो वारल्याचं कळलं, तवा बी मनात म्हनलं, बरं झालं.”

मधू गेल्याचं मला तेव्हा कळलं.

“कावून केलंस?” तिनं विचारलं.

मी वहीचं सांगितलं. सरांचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकवेना.

“एवढ्यासाठी?”

 सूप बाजूला सारून तिनं सांगितलं की तिची नात शाळेच्या सहलीत तिथं जाऊन आली आणि घरी येऊन म्हणाली, आजी, तुझं नाव हाय डोंगरात. पोरीला काय सांगू, सिंधू म्हणाली, ते पुसून टाक. मी म्हणालो, मला ते दिसत नाही. लबाडाकडं बघावं तसं ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली की मी येते, मी दावते.

पुढच्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही तिघं लेण्यात होतो — सिंधू, सुनंदा आणि मी. ऊन थेट खांबावर आलेलं. सिंधूनं दगडावर बोट ठेवलं आणि मी जे बघितलं ते जसंच्या तसं लिहितो. दगड सपाट होता, आणि तिच्या बोटाचं टोक त्या सपाट दगडात नखापर्यंत आत गेलेलं होतं. आतल्या आत ते खाली उतरत होतं, वळत होतं, वर येत होतं.  सुनंदाला मात्र त्यात काही वावगं दिसत नव्हतं. तिच्या दृष्टीनं एक बाई कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत होती, बस.

मी टाकी-हातोडी घेतली. सिंधू बोट पुढं सरकवायची, तिच्यामागून मी दगड खाली घ्यायचो. आधी तिचं नाव, मग मधूचं. दीड तास लागला. शेवटी पाणी ओतून पुसलं. तिनं तळहात फिरवून बघितला आणि ‘गेलं’ म्हणाली. सुनंदाही म्हणाली, आता काय न्हाई.

मी माफी मागितली. सिंधू ओसरीच्या कडेला बसली होती. तिथून खाली शाळेचे पत्रे दिसतात.

“माझं राहू दे,” ती म्हणाली. “मधूच्या बायकोला सांग जा. त्यानं काय बी केलं न्हवतं, हे तिला कुनी सांगितलंच न्हाई.”

गाडीनं सोडतो म्हटलं तर नको म्हणाली आणि उतरून एसटीच्या रस्त्याला लागली. मी अवजारं गोळा करायला वळलो.

नुकत्याच तासलेल्या त्या जागेवर दोन अक्षरं होती. मधू. तेवढंच. मी काढली होती तशीच वाकडी, आणि खाचांमध्ये जुनी धूळ बसलेली. नख घातलं तर आत जात होतं. सुनंदाला हाक मारली. तिनं त्याच जागेवरून हात फिरवला आणि माझ्याकडं घाबरून बघितलं. म्हणाली, कुटं काय हाय? चला घरी.

त्यानंतर पाटीच्या कामाला चार-पाच वेळा जाणं झालं. दर वेळी मला ते नाव दिसतं, बाकी कुणालाच दिसत नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मनात अपराध दडपून ठेवला की डोळे फसवतात. माझ्यापुरतं बरोबरही असेल. पण जी नावं कधी कानावर पडली नव्हती ती सुनंदानं मोबाइलमध्ये कशी वाचली, आणि मला दिसत नसलेल्या खाचेत सिंधूचं बोट कसं जात होतं?

मधूच्या बायकोचा नंबर गावातल्या त्याच्या भावकीकडून मिळालाय. ती पुण्यात मुलाकडं असते. आतापर्यंत दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तिनं उचलला, कोण बोलतंय म्हणून विचारलं. दोन्ही वेळा मी चुकून लागला म्हणालो आणि ठेवून दिला.