मावांबरोबर वेंगुर्ल्याला

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं पहिलं बाळंतपण झालं. रिवाजाप्रमाणे माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडे आमच्या खेड्यात. मुलगा झाला आणि बारशाच्या आधीच गेला. आमच्याकडे सासरची माणसं बाळाला बघायला बारशालाच येतात, सगळे मिळून, पाळणा घेऊन. त्यामुळे सोलापूरहून तोवर कुणीच आलेलं नव्हतं. तार मिळाली तसे माझे यजमान एकटे निघाले, पण ते पोचले तेव्हा माझे वडील आणि भाऊ बाळाला मळ्यात पुरून परत येऊन अंघोळीला बसले होते.

काही महिन्यांनी मला सोलापूरला आणलं. आमची पेठेत कापडाची पेढी होती, वर घर. सासरची माणसं मनानं चांगली होती, आणि मला सगळ्यात जड गेलं ते त्यांचं चांगुलपण. माझ्या ताटात तूप जास्त पडायला लागलं. मला चुलीपुढून उठवून सावलीत बसवायचे. पण बाळाचा विषय कुणी काढत नसे. शेजारणी तान्ही मुलं घेऊन ओट्यावर बसलेल्या असल्या, तर मला बघून हळूच आत जायच्या. मी कामं करायची, दोन घास खायची, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची. दिवसभरात याखेरीज माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

आमच्या घरात सासूला अत्ती आणि सासऱ्यांना मावा म्हणतात. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मावा उंच, सावळे, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि डोक्याला पांढरा जरीकाठी रुमाल. हातभर नव्हे, चांगला लांब, रोज सकाळी ते स्वतः बांधायचे. माझ्याशी ते सरळ बोलत नसत. काही सांगायचं झालं तर मी समोर असतानाही अत्तींना म्हणायचे, "तिला सांग, पाणी तापलं का बघ म्हणावं." तोच रिवाज होता आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

त्या माघात मावांच्या बहिणीच्या घरी, बेळगावला लग्न निघालं. यजमान पेढी सांभाळायला मागं राहिले आणि मावा, अत्ती नि मी गेलो. लग्नाच्या गर्दीत बायका मला मी कुणाची कोण ते विचारत आणि ओळख पटली की एकमेकींकडे बघून गप्प होत. मी अत्तींच्या मागं मागं राहायची. मावा हे सगळं बघत असावेत, पण ते मला पुढं कळलं.

लग्न उरकल्यावर अत्ती म्हणाल्या, "आता सौंदत्तीला जाऊन देवीची ओटी भरून येऊ या."

मावा म्हणाले, "देवीला नंतर जाऊ. मला समुद्र बघायचा हाय. वेंगुर्ल्याला कडा हाय म्हणतात, खाली सगळा समुद्र दिसतो."

"समुद्रात काय बघायचं? आपल्या ओळखीचा देव तरी हाय का तिथं?"

"न्हाई म्हणूनच जायचं," मावा म्हणाले. "देवळात गेलं की बाया जमतात. ही कोण, लेकरं किती, सगळं विचारतात. समुद्रावर कोण विचारणार हाय?"

मी पदर ओढून भिंतीकडे बघत उभी होते. मावांनी हे माझ्यासाठी म्हटलं होतं, हे समजायला मला क्षणभर वेळ लागला.

मावांच्या मेहुण्यांची मोटार होती, कापडी टपाची, आणि तिच्यावर पगारी ड्रायव्हर. एका दिवसासाठी त्यांनी दोन्ही आमच्या हवाली केले. ड्रायव्हर चाळिशीचा, खाकी कोट घातलेला, मिशा कातरलेला माणूस होता. मोटार सुरू करण्याआधी तो टपावरून असा हात फिरवायचा, जशी आमच्याकडची माणसं बैलाच्या पाठीवरून फिरवतात. मी त्याआधी मोटारीत कधी बसले नव्हते. अत्तीही नव्हत्या. त्यांनी आत पाय ठेवण्याआधी मोटारीला हळदकुंकू लावलं आणि ड्रायव्हरनं टोपी काढून तेवढा वेळ मान खाली घातली.

उजाडायच्या आत निघालो. मावा पुढं, आम्ही दोघी मागं, पायाशी भाकऱ्यांचं गाठोडं आणि पाण्याची कळशी. गार वारा तोंडावर येत होता. उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना इतकी झाडं होती की मला गुदमरल्यासारखं झालं. आमच्याकडे नजर टाकली तर पार क्षितिजापर्यंत जाते, मध्ये एखादं लिंबाचं झाड. इथं हातभर पलीकडचं दिसत नव्हतं.

आंबोलीचा घाट लागण्याआधी ड्रायव्हरनं मागं वळून सांगितलं, "आता खाली बघू नकासा. समोर माझ्या टोपीकडं बघा, म्हणजे मळमळणार न्हाई."

मी टोपीकडे बघत बसले. अत्तींनी मात्र खाली बघितलं. दुसऱ्या वळणाला त्यांनी मोटार थांबवायला लावली आणि पुढं आणखी दोनदा. घाट उतरेपर्यंत त्यांचा चेहरा कण्हेरीच्या पानासारखा झाला होता. त्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घातला. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "तुझ्या मावांना समुद्र बघायचा हाय. बघू दे की. मी काय आता बघत न्हाई."

वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. हवा चिकट होती आणि सगळीकडे सुक्या मासळीचा वास. आम्ही शिवराकी, मासमच्छी न खाणारी माणसं, अत्तींनी नाकाला पदर लावला तो काढलाच नाही. बंदराच्या वरच्या अंगाला लाल दगडाची टेकडी होती. ड्रायव्हरनं तिच्या मध्यापर्यंत मोटार नेली आणि एका मोठ्या आंब्याच्या सावलीत उभी केली. अत्ती तिथंच घोंगडीवर आडव्या झाल्या.

"तुम्ही दोघं जावा," त्या म्हणाल्या. "मला इथं पडू दे. उठले की परत गरगरायला लागेल."

मी त्यांच्यापाशी थांबते म्हणाले. त्यांनी माझ्या दंडाला हलकेच ढकललं. "जा म्हणते ना."

म्हणून मी मावांच्या मागून चालत वर गेले. ड्रायव्हर पुढं होता. वर झाड नव्हतं, नुसता काळपट तांबडा खडक, पायाला तापलेला, मधूनमधून वाळकं गवत आणि करवंदीच्या जाळ्या. मग एकदम खडक संपला.

समुद्र मी चित्रातसुद्धा बघितला नव्हता. पाणी म्हणजे मला आमच्या गावची विहीर आणि सोलापूरला आल्यावर सिद्धेश्वराचं तळं. इथं पायाखाली खोल कडा, त्याच्या तळाशी काळे दगड, त्यावर पांढरं पाणी फुटत होतं, आणि पुढं जिथवर नजर जाईल तिथवर निळं. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर बरं वाटलं. झाडांतून बाहेर आल्यासारखं. आमच्या मुलखासारखीच इथं नजर मोकळी धावत होती.

मावा कडेपर्यंत गेले. मग कुणाला तरी सांगावं तसं, समोर बघत म्हणाले, "लई मोठं हाय."

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, कडेला नको. वारा वाईट हाय हितला."

मावा मागं सरले. चढताना घामानं त्यांचा रुमाल सैल झाला होता, तो नीट करावा म्हणून त्यांनी डोक्यावरून काढला आणि एक टोक दातात धरलं. तेवढ्यात खालून कड्याला आपटून वारा असा वर आला की मला डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा रुमाल मावांच्या हातात नव्हता. तो सबंध उलगडून हवेत होता, पांढराशुभ्र, जरीचा काठ चमकवत, आमच्या डोक्यावरून एक वळसा घेऊन कड्याच्या पलीकडे निघालेला. ड्रायव्हर धावला आणि खडकावर पालथा पडून त्यानं हात लांब केला, पण रुमाल केव्हाच खाली गेला होता. करवंदीच्या एका जाळीत क्षणभर अडकला, सुटला आणि पाण्यावर जाऊन पसरला.

मावा तसेच उभे होते, हात डोक्याशी नेलेले. मी त्यांना कधी उघड्या डोक्यानं बघितलं नव्हतं. डोक्यावर मधोमध टक्कल होतं, गोरंपान, आणि कपाळ सावळं, त्यामुळे विभूतीच्या वर आणखी एक पट्टा ओढल्यासारखा दिसत होता. कानांवरचे पांढरे केस वाऱ्यानं उभे राहिले होते.

मला हसू आलं. मी पदर तोंडात कोंबला, तरी आवाज फुटला. सासऱ्यांच्या समोर, उघड्या माळावर, मी खो खो हसत होते आणि मला थांबता येत नव्हतं. मावांनी वळून माझ्याकडे बघितलं. आता ते रागावणार असं वाटलं. पण त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि तेही हसायला लागले.

मग माझं हसू रडण्यात कधी गेलं ते मला कळलं नाही. बाळ गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले होते आणि हसू येताक्षणीच मला त्याची आठवण झाली. आपल्याला हसता येतं याचीच मला लाज वाटली. मी खडकावर बसून गुडघ्यात तोंड घातलं. ड्रायव्हरनं कपडे झटकले आणि "मोटारीतलं पाणी बघून येतो" म्हणून तो खाली निघून गेला.

मावा माझ्यापासून थोड्या अंतरावर, समुद्राकडे तोंड करून बसले. अत्ती नव्हत्या, त्यामुळे कुणाकरवी बोलायची सोय नव्हती.

"अव्वा," ते म्हणाले. कानडीत लेकीसुनेला मायेनं असं म्हणतात, पण मला त्यांनी अशी हाक पहिल्यांदाच मारली. "एक विचारू?"

मी मान हलवली.

"लेकरू कुणासारखं होतं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ते पुढं बोलले, तितक्याच सावकाश. "आमच्यातल्या कुणी बघितलं न्हाई त्याला. मी न्हाई, तुझ्या अत्तीनं न्हाई. त्याच्या बापानंसुद्धा न्हाई. तू एकटीनं बघितलंस. मला रोज वाटायचं विचारावं. तुला त्रास हुईल म्हणून विचारलं न्हाई."

किती महिने माझ्या आत एक गोष्ट अडून बसली होती आणि ती काय होती हे मला त्या क्षणी समजलं. त्याला पाहिलेलं आमच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. मी बोलले नाही, तर तो झालाच नव्हता असं होऊन गेलं असतं.

मी सांगायला लागले. आधी तुटक तुटक, मग भराभर. केस दाट होते, मानेपर्यंत आलेले. नाक माझ्या वडिलांचं. कान मात्र तुमच्या घरचे, वरची कड दुमडलेली. दूध पिताना एक हात उघडा ठेवायचा आणि बोटं हलवत राहायचा, कुणाला तरी बोलावल्यासारखी. शिंक आली की स्वतःच दचकायचा. रडायचा कमी. सुईण म्हणायची, हा मोठा शांत माणूस होणार.

मावांनी आपल्या कानाला हात लावला आणि वरची कड चाचपली.

"नाव काय ठेवणार होतीस?"

बारसं झालं नव्हतं, म्हणून त्याला नाव नाही असंच सगळे धरून चालले होते. पण मी मनात ठेवलं होतं आणि एकटी असताना त्याला त्या नावानं हाक मारली होती. मी ते सांगितलं. मावांनी ते एकदा मोठ्यानं उच्चारलं. वारा इतका होता की मला ते नुसतं त्यांच्या ओठांवर दिसलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "चल, तुझी अत्ती वाट बघायली असंल."

खाली आलो तर अत्ती उठून बसल्या होत्या. मावांचं उघडं डोकं बघून त्या घाबरल्याच. "रुमाल कुठं गेला?"

"समुद्राला आहेर केला," मावा म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं डोक्याला गुंडाळायला लागले.

अत्तींनी आधी माझ्याकडे बघितलं, माझे सुजलेले डोळे, मग त्यांच्याकडे. काय समजायचं ते त्या समजल्या. आम्ही गाठोडं सोडलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. ड्रायव्हरला वेगळ्या पानावर भरपूर वाढलं. मी त्या दिवशी भाकरीवर भाकरी खाल्ली आणि अत्ती वाढत राहिल्या.

परतीच्या वाटेला मावांनी त्यांना सगळं सांगितलं, पुढच्या सीटवरून मागं वळून, अगदी कानाच्या कडेपासून. अत्ती घाट चढताना डोळे मिटून बसल्या होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "केस कुरळे होते का सरळ?"

"सरळ," मी म्हणाले.

"त्याच्या बापाचे पण लहानपणी सरळच होते," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. बेळगावात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

सोलापूरला आल्यावर मी यजमानांना हेच सगळं सांगितलं. दुपारी, पेढी बंद असताना, माडीवर बसून. तोवर मला वाटायचं, पुरुष माणूस, विसरला असेल. ते ऐकता ऐकता भिंतीकडे वळले आणि बराच वेळ वळलेच नाहीत. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलायला लागलो, खरं म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच.

सगळं एका दिवसात बरं झालं असं मी म्हणणार नाही. तान्हं मूल दिसलं की पोटात तुटायचं ते पुढंही तुटलं. पण शेजारणी आत जायला लागल्या की मी हाक मारायची, "बसा की," आणि त्या बसायच्या. एकीनं तर मूल माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाणी आणायला गेली.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली, पुन्हा माहेरीच. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बैलगाडी थांबली. मावा उतरले, धुळीनं माखलेले, मागोमाग अत्ती. माझ्या आईची तारांबळ उडाली, बारशाला अवकाश होता आणि व्याह्यांसाठी घरात काही तयारी नव्हती. माझे वडील म्हणाले, "बारशाला बोलावणारच होतो की आम्ही."

"बारशाला परत येतो," मावा म्हणाले. "आज नुसतं बघायला आलोय."

सुईणीनं त्यांना दारातच अडवलं आणि हातपाय धुऊन या म्हणाली. पेठेतला एवढा मोठा व्यापारी निमूटपणे विहिरीवर गेला.