शेवटचा ओ

बाबा गेल्यावर आई एका इमारतीच्या जिन्याखाली इस्त्री करायची. वरून कुणी "ए इस्त्रीवाली!" अशी हाक मारली की मान वर करून "ओ" द्यायची. तिचं नाव सुमन, पण ते तिथं कुणी कधी विचारलं नाही.

काल वर्गात मी नवशिक्या मुलांसाठी फळ्यावर स्पॅनिशची नियमानं चालणारी क्रियापदं लिहीत होते. बोलणं, खाणं, राहणं, तिन्हींच्या मूळ रूपांचे शेवट वेगवेगळे. पण कर्ता 'मी' असला की वर्तमानकाळात सगळ्यांच्या शेवटी एकच 'ओ' येतो: आब्लो, कोमो, बिवो. एक मुलगी नुसतंच "ओ" म्हणाली, हाकेला द्यावी तशी, आणि मला आमचा जिना आठवला.

तिथंच बसून मी ही रूपं अर्थासकट घोकायचे. एकदा आईनं विचारलं, "अगं, यात 'मी' कुठंय?"

"शेवटच्या 'ओ'त. वेगळं म्हणावं लागत नाही."

"मग मी इस्त्री करते, याला काय म्हणायचं?"

"प्लांचो."

"म्हणजे इतकी वर्षं ओ देत मी अर्धं स्पॅनिशच बोलतेय की! आणि तू त्यासाठी कॉलेजात जातेस!"

माणूस आपला 'मी' कुठं कुठं जपून ठेवतो. कुणी नावात ठेवतो, कुणाच्या वाट्याला एवढा एक स्वर येतो.

तेवढ्यात वरून हाक आली, "ए इस्त्रीवाली!"

आईनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि खणखणीत ओरडली, "प्लांचो!"

त्याच वर्षी मी पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिली.