रामाची दाढ

हिवाळ्यासाठी आमची तुकडी उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर चढली. मी नर्सिंग असिस्टंट, हुद्दा हवालदार, गाव पाली. लान्स नाईक रामा तलवाड्याचा. दोघांचा जिल्हा बीड, म्हणून तो मला दादा म्हणायचा.

तिथली सकाळ बर्फ वितळवण्यापासून सुरू व्हायची. पाणी आधी चहाला, मग स्वयंपाकाला. दात घासायला जेमतेम मगभर उरायचं. टूथपेस्ट गोठू नये म्हणून ती स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचो. पायांची तपासणी रोज व्हायची, कारण बर्फाने बोटं जातात हे सगळ्यांना माहीत होतं. तोंडाचं कुणाला भय नव्हतं.

एकदा रामाच्या ब्रशवर रक्त दिसलं.

"हिरडी सुजलीय, दादा. त्या बाजूनं घासनंच सोडलं."

"रक्त येतंय म्हणजे तिथं घाण साचलीय. मऊ ब्रशने हलकं घास, पण घास. जेवल्यावर चूळ भर. आणि ती तंबाखू फेक."

"फेकतो की."

त्याने फेकली नाही. दुखऱ्या दाढेपाशी तीच दाबून कळ मारत राहिला. दुखतंय म्हटलं तर खाली पाठवतील आणि आपली ड्युटी दुसऱ्यावर पडेल, एवढीच त्याला काळजी.

मग हवामान बिघडलं. हेलिकॉप्टर येणं बंद झालं. त्याच दिवसांत एका सकाळी रामा नाश्त्याला आला नाही. जबड्याखाली दोन्हीकडे लाकडासारखी टणक सूज. तोंड बोटभरच उघडत होतं. जीभ वर उचलली गेली होती. मी रेडिओवर खालच्या बेस कॅम्पच्या डॉक्टरांना गाठलं.

"सर, पेशंटला लाळ गिळता येत नाही. आडवा केला की गुदमरतो. ओव्हर."

"बसवूनच ठेवा. इंजेक्शन द्या. ऑक्सिजन लावा. ओव्हर."

"हेलिकॉप्टर कधी, सर? ओव्हर."

"सांगता येत नाही."

पोस्ट कमांडर उठले. "थांबायचं नाही. दोर घ्या. खाली उतरवायचा."

आळीपाळीने पाठीवर बसवून त्याला उतरवलं. मी त्याच्या तोंडाशी कान ठेवून चालत होतो. श्वास करवतीसारखा वाजत होता. तो आवाज ऐकवत नव्हता, आणि तो थांबेल या धास्तीने कान काढवतही नव्हता. रामाने माझा हातमोजा घट्ट धरला होता.

बेस दिसू लागला आणि आवाज थांबला. डॉक्टर धावत वर आले. तिथेच बर्फावर त्यांनी गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट केली. उशीर झाला होता.

रामाला घेऊन मी तलवाड्याला गेलो. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "गोळी कुठं लागली?"

"गोळी नाही, बाबा. दाढेचा पू गळ्यात उतरला."

"दाढंनं मानूस मरतो व्हय?"

मागून कुणीतरी दटावलं, "असं चारचौघांत सांगू नका."

रामाची बायको सुनीता दारात उभी होती. म्हणाली, "खरं हाय तेच सांगा, भाऊ. माझ्या पोरीची हिरडी सुजलीय. ती पन म्हनती, रक्त येतंय म्हनून घाशीत न्हाई."

त्याच आठवड्यात मी मुलीला बीडला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. ती बरी झाली.

आता मी पेन्शनीत आहे. पालीत कुणी गाल धरून बसलेला दिसला की मी थांबतो. तोंड उघडायला लावतो, जबड्याखाली चाचपतो. लोक हसतात. हसू देतो.

तलवाड्याच्या शाळेत रामाचा वर्दीतला फोटो लावला आहे. त्यात तो हसतोय, ओठ मिटून.