एका रविवारचे दोन गणवेश

ज्यांना पदके मिळाली त्यांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ आहेत. कोठीच्या बाजारात बसून संगणकाची गाइडे विकणाऱ्या युवराज बिरादारविषयी कुणी लिहिणार नाही. महाविद्यालयाच्या दप्तरात त्याच्याविषयी जे आहे ते माझ्याच हातचे आहे आणि अपुरे आहे. म्हणून हा खटाटोप.

मी इतिहास शिकवतो. राष्ट्रीय छात्रसेनेची आमच्या महाविद्यालयातील तुकडी अकरा वर्षे माझ्याकडे होती. तरुण सहकाऱ्यांनी नाकारल्यामुळे ती माझ्या गळ्यात पडली, हे नमूद केलेले बरे. त्र्याण्णव साली शंभर मुलांच्या जागी त्रेपन्न उरली. हुशार मुले रविवारी पहाटे दिलसुखनगरच्या शिकवणी वर्गांपुढे रांगा लावू लागली. प्राचार्यांनी मला भर सभेत विचारले, "कवायतीने नोकरी लागते का हो?" देश नुकताच खुला झाला होता आणि प्रत्येक गोष्टीला हाच एक प्रश्न विचारला जात होता.

युवराज पावणेसहालाच मैदानावर असे. त्याचे आजोबा उदगीरकडचे शेतकरी. वडील एका कारखान्यात लागले आणि मुदतीआधीच निवृत्त होऊन घरी बसले. काका एकनाथराव यांचे कोठीत पुस्तकांचे दुकान होते. तिथे तो दुपारनंतर काम करी. तिसऱ्या वर्षी तो आमचा सर्वांत वरिष्ठ कॅडेट झाला. फेब्रुवारीत त्याची 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा होती. ते प्रमाणपत्र हाती असले की सैन्यात अधिकारी होण्यासाठीची लेखी परीक्षा माफ होते आणि पदवीनंतर थेट मुलाखतीला जाता येते. युवराजचे इंग्रजी कच्चे होते. लेखी परीक्षेत त्याचा निभाव लागला नसता. हा एकच दरवाजा त्याला उघडा होता, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

जुलैत एका सकाळी कवायत संपल्यावर तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"सर, मी टेरिटोरियलमध्ये भरती झालो."

प्रादेशिक सेना म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सैनिक होण्याची सोय. शांततेच्या दिवसांत ठरावीक वेळ शिक्षण घ्यायचे, बोलावणे आले की जायचे. महिन्यातले दोन रविवार त्याला सिकंदराबादेला दहा वाजता हजर व्हायचे होते.

"आणि इथलं?"

"हौ सर, इथलं पण. आठला सुटतो ना आपण. सायकलवर होतंय."

आणि ते होत राहिले. आठ वाजता खाकी गणवेशात तो त्रेपन्न मुलांना विसर्जन देई. मग काकांच्या दुकानात गाइडांच्या थप्पीमागे कपडे बदलून हिरव्या गणवेशात सिकंदराबादेचा रस्ता धरी. एकदा मी तिथेच होतो. एकनाथराव गल्ल्यावरून ओरडले, "बघा सर, एक आदमी आणि दोन वर्द्या! उद्या म्हणेल, लग्नाला पण दोन पोरी बघा."

"काका, एक तरी बघा ना आधी," थप्पीमागून आवाज आला.

आठ वाजेपर्यंत तो हुकूम देणारा होता आणि दहापासून शेवटच्या ओळीतला शिपाई. याचे त्याला काहीच वाटत नाही का, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "इथं मी ओरडतो सर, तिथं माझ्यावर ओरडतात. तिकडून आलो की मग इथं ओरडताना जरा विचार करतो." खरोखरच त्याच्या हुकमातला कर्कशपणा त्या पावसाळ्यात कमी झाला. बबलू नावाचा एक पोरगा पाय चुकवायचा. त्याच्याशेजारी युवराज आता स्वतः पाय टाकत चाले.

मी तेवढ्यावर थांबायला हवे होते. परंतु आमचे घराणे तीन पिढ्यांचे सरकारी नोकरीतले. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते, वडील सचिवालयात. लेखी आदेशावाचून पाऊल उचलायचे नाही आणि प्रत्येक कागदाची नक्कल ठेवायची, हे आम्ही मुंजीआधी शिकतो. विमल, माझी पत्नी, म्हणते, "दूधवाल्यालासुद्धा तुम्ही जावक क्रमांक घालून चिठ्ठी द्याल." माझ्या मनात आले, हा मुलगा एकाच वेळी दोन्हीकडे चालतो का? नियमपुस्तिकेत होकार नव्हता आणि नकारही नव्हता. मी छात्रसेनेच्या वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले. युवराजच्या हितासाठीच लिहिले, असे त्या वेळी मला प्रामाणिकपणे वाटत होते.

उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले, त्यालाही आले नाही. नोव्हेंबरात मात्र तिथल्या एका कारकुनाचा फोन आला. "निर्णय होईपर्यंत त्या मुलाचं नाव परीक्षेला पाठवू नका."

"हे लेखी मिळेल का?"

"लेखी कशाला? तुम्हीच तर शंका काढलीत."

जन्मभर लेखी आदेशाचा आग्रह धरणाऱ्या मी तो तोंडी शब्द निमूटपणे मानला. परवानगी द्यायची असती तर मी कागद मागत बसलो असतो. नकाराला मात्र मला टेलिफोन पुरला. या देशात अशीच कामे अडतात असे मी पुढे बराच काळ सांगत हिंडलो. अडवणारा हात माझा होता, हे सांगत नव्हतो.

मी युवराजला खोलीत बोलावून फोनचे सांगितले. "तिकडून नाव काढून घे. प्रमाणपत्र मिळव, अधिकारी हो. शिपाई म्हणून तिथे काय ठेवलंय?"

तो म्हणाला, "सर, तिथं मी शपथ घेतलीये."

"इथेही घेतलीच होतीस."

"हौ. पण इथली सोडा असं तुम्ही सांगू शकता. तिथली सोडा असं कुणी सांगितलं नाही ना. तुम्हीच सांगताय, आणि तुम्ही तिथले नाहीत."

मी चिडलो. अविचार, भावनावशता, असे बरेच शब्द मी वापरले. त्याने ते सगळे सावधान उभे राहून ऐकले. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी त्याने खाकी गणवेश भांडारात जमा केला. पट्ट्याचे पितळ चकाकत होते, टोपीवरचा लाल तुरा कागदात गुंडाळला होता. यादीतील प्रत्येक वस्तूपुढे मी खूण केली. कमी काहीच नव्हते. सही करून तो गेला. फेब्रुवारीत एकोणीस मुले परीक्षेला बसली, तो नव्हता. एप्रिलमध्ये पदवी झाली आणि तो विद्यार्थीच राहिला नाही, म्हणजे परतीची वाटही मिटली.

सप्टेंबरात उत्तर आले. चार ओळी. अशा प्रकरणी तुकडीच्या प्रभारी अधिकाऱ्याने आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा, वर विचारणा करण्याची आवश्यकता नव्हती. प्रभारी अधिकारी म्हणजे मी.

दोन दिवस तो कागद खिशात घेऊन मी फिरलो. तिसऱ्या दिवशी कोठीला गेलो. दुकानात नव्या गाइडांचे गठ्ठे सुटत होते. युवराजने हात पुसले, कागद बोटाने ओळी धरून सावकाश वाचला आणि पुन्हा वाचला.

"म्हणजे सर, तुमच्याच हातात होतं?"

"होय."

आत एकनाथराव काहीतरी बोलणार होते. त्याने हातानेच त्यांना थांबवले. मी म्हणालो, "मी दाद मागतो. सविस्तर अर्ज करतो, वरपर्यंत जातो."

"नक्को सर." तो हसला नाही, रागावलाही नाही. कागदाची घडी मूळच्या रेघांवरच घालून त्याने मला परत दिली. "आता काही लिहू नका."

मी उठलो. तो पायरीपर्यंत आला आणि म्हणाला, "बबलूचा पाय जमतो का आता?"

"नाही."

"माझे दोन रविवार मोकळे असतात. येऊ का? वर्दी नसेल, साध्या कपड्यात."

बाहेरच्या माणसाने कॅडेटांना कवायत शिकवावी की नाही, याविषयी पुस्तिकेत काय आहे ते मला आठवेना. घरी जाऊन पाहता आले असते.

"सहाला ये," मी म्हणालो.

तो पावणेसहाला आला. दीड वर्ष येत राहिला, पुढे तुकडीच बंद पडली तोपर्यंत. हजेरीपटात शिकवणाऱ्याच्या नावाचा एक रकाना असतो. त्या रविवारांच्या पानांवर मी तो कोरा ठेवला आणि कुणालाही काही विचारले नाही.